निजलेल्या आमरीला पाणी

“बाईमाणूसच पाठवा म्हणतात,” रेगेसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आता झाडाला काय कळतंय, बघायला बाई आलीय की बुवा?”

मी जास्वंदीची कलमं बांधत बसले होते. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. “झाड कसलंय?” मी विचारलं.

“ऑर्किड. जमिनीतलं. दरवर्षी एकेक कुंडी कुजतेय. मी स्वतः जाऊन आलो. माती बघितली, ऊन बघितलं, सगळं जिथल्या तिथे. तरी कंद कुजतो तो कुजतोच. आणि आज ते डोंबिवलीचे गृहस्थ येऊन सांगून गेले, तुमच्याकडे कोणी बाई आहेत म्हणे, त्यांना पाठवा.”

“मग जाते की.”

“जा. पण एक ऐका, वसुधाबाई. शेवटची कुंडी उरलीय त्यांच्याकडे. तीही गेली तर आपलं नाव डोंबिवलीभर होईल, आणि ते काही चांगलं होणार नाही.”

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. ठाण्यात तलावापासून हाकेच्या अंतरावर रेगेसाहेबांची नर्सरी होती आणि मी तिथे असिस्टंट होते. बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीने मास्तरीण व्हावं, अशी तेव्हा साऱ्या जगाची समजूत होती. माझ्या आईची तर होतीच. मी संध्याकाळी घरी आले की ती माझ्या नखांकडे बघायची आणि म्हणायची, “एवढं शिकून शेवटी चिखलच का गं?” मी म्हणायचे, “चिखल नव्हे, पॉटिंग मिक्श्चर.” त्यावर ती गरम पाण्याचा तांब्या पुढे करायची. कुठे गेले ते दिवस. त्या नर्सरीच्या जागी आता काय आहे ते बघायला मी मुद्दाम जात नाही.

तर ऑर्किड. आपल्याकडे त्याला आमरी म्हणतात. बहुतेकांना ठाऊक असते ती झाडावरची आमरी, आंब्याच्या फांदीला चिकटून बसणारी. पण एक जात जमिनीतही वाढते. तिला खाली कंद असतो, आमच्या भाषेत ट्यूबर, अंगठ्याएवढा किंवा लहान बटाट्याएवढा. पावसाळ्यात पानं येतात, श्रावण-भाद्रपदात फुलं येतात, दिवाळीच्या आसपास सगळं पिवळं पडून वाळून जातं. वर काडीसुद्धा दिसत नाही. कुंडीत नुसती माती. लोकांना वाटतं मेलं. मेलेलं नसतं, खाली कंद निजलेला असतो. याला आम्ही रेस्टिंग पिरियड म्हणतो. या काळात त्याला पाणी अजिबात चालत नाही. बाकी तिचे लाड फारसे नाहीत. सकाळचं कोवळं ऊन, दुपारची सावली, निचऱ्याची माती आणि थोडा पालापाचोळा. शक्य झालं तर ती जिथून आणली तिथलीच मूठभर माती, कारण त्या मातीतली बुरशी तिच्या मुळांना पोसते. एवढं केलं की झालं. पण निजलेलीला पाणी घातलंत की संपली.

मी गेले तेव्हा मार्गशीर्ष होता. हवेत गारवा होता. डोंबिवली तेव्हा अगदी विरळ. स्टेशनातून बाहेर पडलं की थोडी घरं, मग विहिरी, मग कापून झालेली भातखाचरं थेट कोपरच्या खाडीपर्यंत. न्यायला कुंडीचे मालक अण्णा लिमये स्वतः आले होते. उंच, काटकुळे, काळी टोपी, थंडीतही काखेत छत्री. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले. चालताना ते सारखं वळून माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा समोर बघायचे. मला वाटलं, पोर फारच लहान पाठवली असं मनात आलं असेल.

घर कौलारू, बसकं, मागे परस. परसात विहीर, तुळशीवृंदावन आणि पूर्वेकडे तोंड करून एक छोटा ओटा. त्या ओट्यावर ती एकुलती कुंडी. शेजारी तीन रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवलेल्या.

“आमच्या मुलीने आणलेली,” अण्णा म्हणाले. “कुमुदने. कॉलेजात होती, बॉटनीच. खडवलीला नदीपलीकडच्या उतारावर आम्ही दोघं जायचो. मातीसकट खणून आणायची. ही पांढऱ्या फुलांची. आता तो उतारच राहिलेला नाही, मुरुमासाठी खणून नेला. त्यामुळे दुसरी आणायची म्हटलं तरी…”

“आणि कुमुद?”

“टायफॉइड झाला,” ते म्हणाले. मग विहिरीच्या रहाटाकडे बघत राहिले. मी कुंडीकडे वळले.

“पाणी कधी बंद केलंत?”

“दिवाळीपासून थेंब घातलेला नाही. रेगेसाहेबांनी बजावलं होतं.”

मी कुंडीत बोट घातलं. पेरापर्यंत माती ओलीगार. “अण्णा, ही तर ओली आहे.”

“दव पडत असेल,” ते घाईघाईने म्हणाले.

दव वरची माती ओली करतं. पेरापर्यंत जात नाही. पण पहिल्याच भेटीत क्लायंटला खोटं पाडायचं नसतं, हे रेगेसाहेबांनी मला शिकवलं होतं. मी वर्तमानपत्र मागितलं आणि कुंडी त्यावर उपडी केली. माती उत्तम होती. भुसभुशीत, मुरुमाची, तळाला खापऱ्या नीट मांडलेल्या. रेगेसाहेबांची चूक काढायला मला जागाच नव्हती. आत दोन कंद होते. एक दाबताच बोटात आला आणि असा वास सुटला की अण्णांनी तोंड फिरवलं. दुसरा घट्ट होता, पण एका कुशीला तपकिरी डाग. मी डाग खरवडून काढला, कोळशाची पूड लावली, कंद तासभर सावलीत सुकवला आणि कोरड्या मातीत पुन्हा लावला. मातीतून मुंग्या निघाल्या होत्या, लाल, पुष्कळ. त्या कशाला आल्या असतील ते मला कळेना. कुजक्या कंदाला एवढ्या मुंग्या लागत नाहीत. कुंडी मी ओट्यावर छपराखाली अगदी आत सरकवली. दवाचा प्रश्नच नको.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून हाक आली. “अगं, हात धू आणि आत ये. पोहे गार होतायत.”

त्या माई. अण्णांच्या पत्नी. ठेंगण्या, नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू. मी पाटावर बसले आणि त्या समोर बसून माझ्याकडे बघत राहिल्या. “कितवं गं तुला?” मी सांगितलं. “कुमुदला एवढंच लागलं असतं,” त्या म्हणाल्या. मग माझ्या ताटलीत आणखी पोहे घातले. मी नको म्हटलं नाही. पोट भरलं होतं, पण नको म्हणायचा धीर झाला नाही.

निघताना मी दोघांनाही बजावलं, ज्येष्ठापर्यंत पाणी नाही. कुंडी मेली असं वाटलं तरी नाही. माई मान डोलवून म्हणाल्या, “नाही गं बाई. मागे साहेबांनी सांगितलं तेव्हापासून मी पाण्याला हातही लावलेला नाही.” आणि ते इतक्या सरळपणे म्हणाल्या की मी विश्वास ठेवला. आजही म्हणते, त्या खोटं बोलत नव्हत्या.

नर्सरीत आल्यावर रेगेसाहेबांनी विचारलं, “काय निष्पन्न?”

“पाणी जातंय कुठून तरी.”

“अहो, ते मलाही कळलं होतं. कुठून, ते शोधायला तुम्हाला पाठवलं.”

मला राग आला. आला तो बरा आला, कारण रागानेच मी पुन्हा गेले. यावेळी न कळवता, भल्या सकाळी. अण्णा फिरायला गेले होते. मी परसदाराने आत शिरले आणि आधी कुंडीपाशी गेले. बोट घातलं. ओली. छपराखाली, भिंतीला टेकून ठेवलेली, आणि तरी ओली. मुंग्यांची रांग भिंतीवरून थेट कुंडीत. मी खाली वाकून बघितलं तर मातीत एक तांदळाचा दाणा, कुंकवाने लालसर झालेला. त्याच्या बाजूला आणखी एक. आणि एक ओलं तुळशीचं पान.

अक्षता. मी तिथेच ओट्यावर बसले.

आता हे वाचणाऱ्या तरुण मंडळींसाठी सांगते. घरच्या देवांना अंघोळ घातली की ते पाणी मोरीत ओतत नाहीत. ते तीर्थ. कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी, झाडाच्या बुंध्याशी घालायचं. सोमवारी दूध, दही, मध, साखर लावून देव धुतले की तेही त्यातच. मुंग्या का येत होत्या ते आता सांगायला नको.

पाठीमागे दार वाजलं. माई ओलेत्याने बाहेर आल्या, हातात तांब्याचं तपेलं. “काय गं, एवढ्या सकाळी? चहा तरी झालाय का?” असं म्हणत त्या तुळशीपाशी गेल्या, अर्धं पाणी तिथे घातलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मग माझ्या शेजारून ओट्यावर वाकल्या आणि उरलेलं माझ्या डोळ्यांदेखत कुंडीत घातलं. अगदी सावकाश, हाताने मातीवर शिंपडत. “ऊठ गं आता, उजाडलं,” त्या कुंडीला म्हणाल्या.

मी उठून उभी राहिले.

“माई, हे रोज घालता?”

“रोज. अर्धं तुळशीला, अर्धं कुमुदला.”

“पण मी पाणी घालायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?”

“पाणी कुठे घालतेय?” माईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले होते. “हे तीर्थ आहे.”

आता सांगा, यावर बी.एस्सी.ने काय बोलावं? त्यांच्या लेखी पाणी म्हणजे विहिरीचं, झारीने घालायचं. ते त्यांनी खरोखरच बंद केलं होतं. तीर्थाने कुणाचं वाईट कसं होईल? उलट बाकीच्या कुंड्या गेल्या तेव्हा त्यांनी ते जास्त घालायला घेतलं असणार.

मी खोटं बोलू शकले असते. खत जुनं झालंय, कुंडी बदलूया, काहीही सांगितलं असतं. पण तसं सांगितलं असतं तर त्यांनी नव्या कुंडीतही तीर्थ घातलं असतं आणि शेवटचा कंद गेला असता. आणि खरं सांगितलं असतं तर आधीच्या तीन कुंड्या कुणी घालवल्या, हे त्यांना त्याच क्षणी कळलं असतं. माझ्या धंद्यात इतका अवघड प्रश्न मला पुन्हा कधी पडला नाही.

“माई,” मी म्हणाले, “कांदे कुठे ठेवता तुम्ही?”

“माळ्यावर. पसरून.”

“पाणी लागलं तर?”

“कोंब येतात नाहीतर सडतात. त्यात काय विचारायचं?”

“याच्या खाली असतो तो कांदाच आहे, माई. कुमुदने आणला तो कांदा. दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत तो माळ्यावरच असतो असं समजा.”

माईंनी हातातलं तपेलं ओट्यावर ठेवलं. त्या रिकाम्या कुंड्यांकडे बघत होत्या, एकात एक घातलेल्या.

“म्हणजे त्या माझ्या हाताने गेल्या,” त्या म्हणाल्या.

मी मान हलवूनच हो म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्या नाही. त्या ओलेत्यातच पायरीवर बसल्या. थंडी होती. मी आत जाऊन दोरीवरची शाल आणली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. शाल ओढून घेत त्यांनी विचारलं, “आणि ही?”

“ही जगेल. अजून जगेल.”

“काय करू सांग.”

आम्ही नर्सरीवाले निजलेल्या कंदाची कुंडी आडवी करून ठेवतो. उभ्या कुंडीत कुणी ना कुणी पाणी घालतंच, आडव्या कुंडीत घालता येत नाही. मी कोरडी माती आणून कंद पुन्हा लावून दिला. डाग वाढला नव्हता. कुंडी आडवी करायला मी हात पुढे केला तर माईंनी तो बाजूला सारला. त्यांनी स्वतः दोन्ही हातांनी कुंडी उचलली, भिंतीच्या कडेला हलकेच आडवी केली, तोंड भिंतीकडे, आणि खाली एक जुनं धडपं घडी करून घातलं. धडप्याची काहीही गरज नव्हती. मी तसं म्हणाले नाही.

“निजू दे तिला,” त्या म्हणाल्या. “पण सकाळी मी कुठे जाऊ गं?”

खरा प्रश्न हा होता. कंदाचा इलाज मला कॉलेजात शिकवला होता, याचा नव्हता. मी परसात इकडेतिकडे बघितलं. विहिरीच्या कडेला मातीचा एक छोटा ढीग दिसला.

“ती माती कसली?”

“मेलेल्या कुंड्यांतली. ह्यांनी तिथे ओतलीय. टाकून देववत नाही म्हणतात.”

“म्हणजे खडवलीची?”

“तीच ती. कुमुदने पिशवीतून आणलेली. साडीचा पार रेंदा करून आली होती.”

पुढच्या फेरीला मी नर्सरीतून सोनटक्क्याचा गड्डा घेऊन गेले. सोनटक्क्याला कितीही पाणी घाला, दूध घाला, साखर घाला, तक्रार नाही. त्याला उलट पाय ओलेच हवेत. विहिरीच्या कडेला, त्याच खडवलीच्या मातीत, माईंनी आणि मी तो लावला. “अर्धं तुळशीला, अर्धं इथे,” मी म्हणाले. माईंनी मातीचं एक ढेकूळ हातात घेऊन चुरडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, “चालेल.” मला निरोप देताना दारात त्यांनी माझा हात धरला. “यांना सांगू नकोस हं. पोरीची झाडं मी मारली असं कळलं तर ते मनाला लावून घेतील.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले.

ज्येष्ठात कुंडी उभी केली. आषाढात दोन पानं जमिनीला टेकून आली. मग दर आठवड्याला अण्णांचा निरोप यायचा, पोस्टाने नव्हे, ठाण्याला कामाला येणाऱ्या कुणाच्या तरी तोंडी. दांडा आला. कळ्या आल्या. रेगेसाहेब आधी “हं” म्हणायचे, नंतर नंतर तेच विचारायला लागले, “डोंबिवलीची काय बातमी?”

श्रावणात माईंनी जेवायला बोलावलं. ओट्यावर कुंडी होती आणि दांड्यावर ओळीने पांढरी फुलं, प्रत्येकाला मागे लांब शेपटी. दिवसा त्यांना वास नसतो. दिवेलागणीला सुटतो. माईंनी म्हणून मला संध्याकाळपर्यंत सोडलंच नाही. पुरणपोळी झाली, दुपारची झोप झाली, कुमुदच्या कॉलेजच्या गोष्टी झाल्या. विहिरीकडून सोनटक्क्याचाही वास येत होता. अंधारू लागलं तशी आमरी दरवळली आणि माई म्हणाल्या, “कुमुद हा वास घ्यायला पुस्तक घेऊन इथेच बसायची.” तेव्हा मात्र त्या रडल्या. अण्णा उठून कंदील आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मला स्टेशनावर सोडायला अण्णा आले. फलाटावर चारदोन माणसं. गाडीला अवकाश होता.

“बाई,” ते म्हणाले, “कुंडी ओली का असते, ते मला पहिल्यापासून माहीत होतं.”

“मग मला दव पडतं म्हणून का सांगितलंत?”

“काय सांगणार? रोज पहाटे जाग यायची. खिडकीतून दिसायचं. ती कुंडीशी वाकून बोलायची. कुमुद गेल्यापासून माझ्याशीसुद्धा ती एवढं बोलली नसेल. तिला काय म्हणू, तुझ्यामुळे झाडं मरतात?” त्यांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. “रेगेसाहेब आले, पण माझ्याबरोबर कुंडी बघून परत गेले. पुरुषमाणूस परसात सकाळी कसा जाणार? म्हटलं, कुणी बाई असेल तर ही तिला आत नेईल. बोलेल तिच्याशी. तुम्ही काय सांगितलंत मला ठाऊक नाही, विचारणारही नाही.”

“आणि मी आले नसते तर?”

“तर कुंडी गेली असती,” अण्णा म्हणाले. “झाडापेक्षा ती जगायला हवी होती.”

गाडी आली. मी चढले. ते खिडकीपाशी आले आणि हळूच म्हणाले, “मला माहीत होतं, हे तिला सांगू नका बरं.”

मी दोघांनाही दिलेला शब्द पाळला. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी रेगेसाहेबांनी विचारलं, “मग, दोष कशात होता? मातीत, उन्हात की पाण्यात?”

“पाण्यात,” मी म्हणाले.

“मी म्हणालोच होतो,” ते म्हणाले आणि खूश होऊन कलमांकडे गेले.

पुढे कित्येक वर्षं मी लोकांना आमरी कशी लावावी ते सांगत आले. सकाळचं ऊन, निचऱ्याची माती, दिवाळीनंतर पाणी बंद, कुंडी आडवी. लोक लिहून घेतात. मग मी शेवटचा प्रश्न विचारते, त्यावर ते हसतात, पण उत्तर मिळाल्याशिवाय मी उठत नाही. मी विचारते, तुमच्या घरात पूजा कोण करतं?